विशेबाईंची जोडी

विशेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या एसटी स्टँडसमोर चपलेला टाका मारून घेत होतो. फोनवर पाटोळे गुरुजी होते. "सर, बाई गेल्या. सकाळी. झोपेतच." मी "हो का" म्हटलं, कधी नेणार ते विचारलं, फोन खिशात ठेवला आणि चपलावाल्याला म्हणालो, दुसरीचाही अंगठा सैल झालाय, तोही बघ. तो बघेपर्यंत उभा राहिलो. मग शिवलेल्या चपला घालून बाईंच्या मयताला गेलो. लाकडं लावली, पाणी पाजलं, घरी येऊन आंघोळ केली, जेवलो.

त्याला बरेच महिने झाले. माणूस गेल्यावर जे काही व्हायला पाहिजे ते मला अजून झालेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही दगड आहात. असेन. पण लिहून बघावं म्हटलं, लिहिताना तरी काही होतंय का.

बाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. शहापूरला आमचं अध्यापक विद्यालय होतं, लोक त्याला डी.एड. कॉलेज म्हणायचे. बाई तिथल्या प्राचार्य आणि मी गणित शिकवणारा. आता विद्यालय बंद आहे. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास चालतो आणि खाली मंडपवाल्याच्या खुर्च्या रचलेल्या असतात. त्या बाजूने जावं लागलं तर मी सरळ जातो, वळून बघण्यासारखं तिथे काही नाही.

बाई किन्हवलीकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या आणि व्हरांड्यात आल्या की "नाय गो" सुरू. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीने गळ्यात, आणि पिशवीत घडी घातलेलं एक बस्कर. कुठल्याही शाळेत पाहुणा आला की मुख्याध्यापकाची पहिली धाव खुर्चीकडे. बाई त्या खुर्चीवर पिशवी ठेवायच्या आणि पोरांच्या रांगेत बस्कर टाकून खाली बसायच्या. मलाही बसवायच्या. माझे गुडघे तेव्हा गेले ते गेलेच.

खाली बसण्याला कारण होतं. इतर ठिकाणी डी.एड.चा सराव पाठ म्हणजे काय, तर पोरगं टाचण लिहून आणणार, तक्ते टांगणार, तासभर बोलणार. मागे निरीक्षक शेरा लिहिणार: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, पाठ छान. शाळेचे गुरुजी तेवढ्या वेळात पोषण आहाराचे तांदूळ मोजून घेणार. झालं, शिक्षक तयार.

बाईंनी हे सगळं उलटं केलं. खर्डीच्या आणि तानशाच्या बाजूच्या वाड्यांवरच्या काही शाळा त्यांनी विद्यालयाशी जोडून घेतल्या आणि सांगितलं, शिक्षक आमी एकटे घडवणार नाय, तुमी आणि आमी मिळून घडवू. पाठ बघणाऱ्या प्रत्येकाने एकेका मुलाशेजारी बसायचं आणि तासभर त्या एकाच मुलाकडे बघायचं. तास संपला की सगळ्यांनी गोल करून बसायचं. आधी शिकवणारा बोलणार, मग शाळेचे गुरुजी, मग आम्ही, बाई सगळ्यात शेवटी. बोलायचं ते फक्त आपल्या मुलाने काय केलं एवढंच. कुणी "पाठ छान झाला" म्हटलं की बाई चष्म्यावरून बघायच्या.

"छान कुणाला झाला? मूल सांग."

हे "मूल सांग" कॉलेजभर झालं होतं. कॅन्टीनमधली भजी कशी आहेत विचारलं तरी पोरं "मूल सांग" म्हणायची. मलाही आधी ते खूळ वाटायचं. गणिताचा माणूस मी, पायऱ्या बरोबर आल्या की पाठ बरोबर. पण बाईंशी वाद घालायची सोय नव्हती. त्या वाद घालतच नसत, बस्कर काढून देत.

एकदा तपासणी समिती यायची होती. दर्शनी भिंतीवर ध्येय आणि उद्दिष्टे लावा, असा निरोप आला. संस्थेचे अध्यक्ष आप्पा, मोठा बागायतदार माणूस, त्यांनी कुठून तरी मजकूर आणला. सर्वांगीण, मूल्याधिष्ठित, नवोपक्रमशील, त्यात एकही मोठा शब्द सुटला नव्हता. पेंटर डबे उघडून बसला होता. बाईंनी कागद घेतला आणि एकेक ओळ वाचत आप्पांना विचारू लागल्या, "आणि हे आपण मंगळवारी सकाळी वर्गात कसं करणार?"

दोन-चार ओळी झाल्यावर आप्पा वैतागले. "बाई, हे करायचं नसतं हो. लावायचं असतं."

शेवटी बोर्डावर बाईंचंच आलं. शिक्षक एकटा घडत नाही. शाळा आणि विद्यालय मिळून त्याला घडवतात. तो तयार झाला की नाही, हे मुलाकडे बघून ठरतं. समितीतल्या एका गृहस्थांनी ते वाचलं आणि म्हणाले, "एवढंच?" बाई म्हणाल्या, "एवढंच जमत नाय अजून."

ते किती जमत नव्हतं, हे पाटोळे गुरुजींना विचारावं. तानशाच्या बाजूला एका वाडीवर त्यांची शाळा. पहिल्यांदा बाई गेल्या तेव्हा गुरुजींनी दारातच सुनावलं होतं. "तुमची पोरं येतात, तक्ते लावतात, फोटो काढतात आणि जातात. पोर्शन माझा राहतो." बाई म्हणाल्या, "मग असं करा. आमच्या पोरांनी शिकायचं काय ते तुमी ठरवा. आणि पोरगं तयार झालं नसंल तर तसं सांगा. तुमी नाय म्हणाल त्याला मी पास करणार नाय." गुरुजींना वाटलं, बोलायला काय जातं.

त्याच वर्षी आप्पांचा पुतण्या आमच्याकडे होता. देखणा, बोलका, तक्ते तर असे की प्रदर्शनात ठेवावेत. वर्षअखेरीला गुरुजी गोलात म्हणाले, "हा पोरांच्या डोक्यावरून बोलतो. माझ्याजवळची पोरगी तासभर चप्पल चावत बसली. तयार नाय." आप्पांचा फोन आला. मग ते स्वतःच आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "गुरुजींनी नाय सांगितलंय. सुट्टीत अजून पाठ घेऊ त्याचे, गुरुजींसमोरच." आप्पा गुरुजींना मास्तरडा म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमचा पुतण्या तेच तर व्हायला आलाय इथं." पुतण्याने सुट्टीभर वाडीवर पाठ घेतले. आज तो वाडा तालुक्यात शिक्षक आहे आणि चांगला आहे असं ऐकतो. आप्पांनी मात्र ते मनात ठेवलं.

आता आमच्या फजितीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. श्रावणातला सोमवार होता. रोहिणी नावाची आमची मुलगी वाडीवरच्या शाळेत पाठ घेत होती. बाई, मी, गुरुजी आणि तिच्या बरोबरीची पोरं, सगळे आपापल्या मुलाशेजारी बसलेलो. माझं मूल पाटीवर बैल काढत होतं आणि मी त्याचा अपूर्णांकांशी काय संबंध असेल, याचा मनापासून विचार करत होतो. वर्गात छान शांतता. बराच वेळ शांतता. मग एक पोरगी म्हणाली, "बाई, त्या मॅडम नाय."

"नाय म्हणजे?"

"इथं होत्या. आता नाय."

रोहिणी टेबलामागे पडली होती. उपास, वर सकाळपासूनची पायपीट, चक्कर येऊन खाली बसली आणि आडवी झाली. एवढी मोठी माणसं वर्गात, आणि शिकवणारी कोसळली ते एकालाही दिसलं नाही. सगळे मूल बघत होतो ना. गुरुजींनी गूळपाणी आणलं, वारा घातला. पोरगी शुद्धीवर आल्यावर ते बाईंना म्हणाले, "तुमी पोरांना बघायला माणसं ठेवलीत. हिला बघायला कोण ठेवलंय?"

जीपमधून परत येताना बाई मला म्हणाल्या, "देसले, चूक माझी झाली." दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून बोर्डावर आणखी एक ओळ घालून घेतली. एकट्याने कुणी वर्गात जायचं नाही.

तिथून जोडी सुरू झाली. दोघांनी मिळून एकच पाठ तयार करायचा. आज एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मुलाशेजारी बसायचं आणि जोडीदाराकडेही लक्ष ठेवायचं. उद्या अदलाबदल. तास संपला की जोडीदाराने खरं सांगायचं. गोड बोलणारा जोडीदार बाईंना चालत नसे. "त्याला लग्नात बोलवा, वर्गात नको," म्हणायच्या.

चांगली वर्षं चालली ती. मग डी.एड.ला कुणी येईनासं झालं. भरती नाही तर पोरं कशाला येतील? आधी एक तुकडी गेली, मग दुसरी अर्धी झाली. खोल्या बंद होत गेल्या. मला तेव्हाही काही वाटलं नाही. रोज थोडं थोडं झालं की वाटत नाही. शेवटच्या तुकडीत मोजकी पोरं, त्यातलीही एकेक भिवंडीच्या गोदामांत नाहीतर लग्नात निघून गेली. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एकच मुलगी उरली. वनिता.

वनिता म्हसा गावाच्या वरच्या अंगाच्या एका ठाकरवाडीतली. शहापूरला आत्याकडे राहायची. वाडीतून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, आत्या आहे तिथपर्यंत शिक, त्याच्या पुढं नाय. पोरांशी बोलायला लागली की वर्ग तिच्याभोवती गोळा व्हायचा. पण मोठ्या माणसांसमोर तिची वाचा बसायची. गोलात काही विचारलं की मान खाली आणि "छान झाला." पाटोळे गुरुजींनी पहिल्या वर्षाअखेरीलाच सांगितलं होतं, "पोरगी हुशार आहे. पण मोठ्यांना खरं सांगत नाय. उद्या साहेबांनी काय चुकीचं सांगितलं तरी ही होच म्हणंल. अजून तयार नाय." तेव्हा तिची जोडीदारीण होती. आता ती पण सासरी गेली होती.

आप्पांनी बाईंना आणि मला बोलावलं. समोर चहा, बिस्किटं. म्हणाले, विद्यालय याच महिन्यात बंद करू, मुलीला ठाण्यापलीकडच्या एका विद्यालयात पाठवू, त्यांचं हॉस्टेल आहे. बाई म्हणाल्या, तिचा बाप पाठवणार नाय, ती घरी बसेल. आप्पा वाईट माणूस नव्हते. एका मुलीसाठी इमारत चालवायची कशी, हा त्यांचा प्रश्न खराच होता. पण मग त्यांनी जुना हिशेब काढला.

"बाई, बोर्ड तुमचाच आहे. एकट्याने कुणी वर्गात जायचं नाही. आता ती एकटी आहे. तुमच्याच नियमाने तुम्हाला तिला शिक्षक करता येत नाही."

मी मान खाली घातली. बाईंनी बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं.

"तिला जोडी आहे," म्हणाल्या.

"कोण?"

"मी."

आप्पा हसले. मग बाई हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे प्राचार्य पाठ घेणार?"

"अर्धे तिचे, अर्धे माझे. माझ्या पाठाचं ती सांगेल, तिच्या पाठाचं मी. वर्ष संपेपर्यंत."

आप्पांनी हो म्हटलं. माझ्या मते त्यांना गंमत बघायची होती.

गंमत होतीच. बाईंनी कित्येक वर्षांत लहान पोरांना शिकवलं नव्हतं. आम्हाला शिकवत होत्या. त्यात साखरेच्या आजाराने अंग उतरलेलं आणि उजवा हात थरथरायला लागलेला. व्हरांड्यात उभ्या राहिल्या की तो हात पदराखाली घ्यायच्या. मी बघितल्याचं त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही दोघांनीही कधी विषय काढला नाही.

आठवड्यातून काही दिवस आम्ही तिघं जीपने तानशाकडे जायचो. वनिताचे पाठ सुरेख व्हायचे. बाई तिला मूल सांगायच्या, बारीकसारीक, काही लपवायच्या नाहीत. बाईंचे पाठ बेतास बात व्हायचे. आणि गोलात वनिताची पाळी आली की तिची मान खाली. "छान झाला, बाई." बाई वाट बघायच्या. गुरुजी खिडकीबाहेर बघायचे. कितीतरी वेळा असं झालं. तिचं तरी काय चुकत होतं? वाडीतून आलेल्या पोरीने आपल्या एकटीसाठी विद्यालय चालू ठेवणाऱ्या प्राचार्य बाईंना तोंडावर काय सांगायचं? मी बाईंना एकदा म्हणालोसुद्धा, "तुमच्या जागी मी बसतो. मला ती सांगेल कदाचित." बाई म्हणाल्या, "तुमाला कुणीपण सांगंल, देसले." आणि गुरुजी हलायला तयार नव्हते. ते नाही म्हणाले तर बाई सही करणार नव्हत्या, एवढी सगळी यातायात त्यांनी स्वतः केलेली असली तरी. त्यांना मी तेवढं ओळखत होतो.

पौषातली म्हशाची जत्रा होऊन गेली होती. त्या दिवशी बाईंचा पाठ होता, तिसरीला, हातच्याची वजाबाकी. वनिता सोनी नावाच्या मुलीशेजारी बसली होती. बाईंनी फळ्यावर आकडे मांडले, काड्यांचे गठ्ठे सोडले, समजावलं. बोलणं नीट होतं. पण आकडे वर चढत होते, खाली उतरत होते आणि एककाखाली एकक येत नव्हतं.

गोलात बाई आधी बोलल्या. "मला वाटतं, अर्ध्यांना कळलं." गुरुजींनी त्यांचं मूल सांगितलं, मी माझं. मग वनिताची पाळी.

"छान..." म्हणाली आणि थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सोनीला नाय कळलं, बाई," ती म्हणाली. "तिनं फळ्याकडं बघितलंच नाय. तुमच्या हाताकडं बघत होती. हात हलतो तुमचा. मला कानात विचारलं, ह्या बाई कुणाला भितात?"

बाईंचा हात तेव्हा मांडीवर होता, थरथरत होता आणि त्यांनी तो पदराखाली घेतला नाही.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय. ती घाबरली. तिला वाटलं, बाईंना कोण मारत असंल तर आपल्याला पण मारंल. गठ्ठा सोडलाच नाय तिनं." वनिता आता वर बघत होती. "हा तास उद्या परत घ्यायला लागंल. फळ्यावर मी लिहिते. तुमी सोनीजवळ बसा."

बसाल का, असं तिने विचारलं नाही. बसा म्हणाली. बाईंनी मान हलवली. पाटोळे गुरुजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाले, "बाई, झाली ही तयार."

वनिता पास झाली. विद्यालय बंद झालं. ती आता मुरबाडच्या बाजूला एका आश्रमशाळेत तासिकेवर आहे. कायम कधी होणार ते विचारू नका. बाई घरी बसल्या. मी दोन-तीनदा जाऊन आलो, चहा प्यालो, हवापाण्याचं बोललो. त्यातलं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. बाई म्हटलं की मला वजाबाकीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. तेव्हा मी रडलो होतो. खरोखर, डोळ्यांतून पाणी आलं होतं, रुमाल लागला होता. माझ्या वाटणीचं रडणं मी बहुतेक तेव्हाच उरकून घेतलं.

वनिता फळ्याशी उभी राहून मोठे मोठे आकडे काढत होती. बाई सोनीशेजारी बस्करावर बसल्या होत्या आणि मी त्याच रांगेत, एक मूल सोडून. सोनी फळ्याकडे बघत होती आणि मधूनच बाईंच्या हाताकडे. शेवटी तिने आपला हात बाईंच्या त्या हातावर ठेवला, दाबून धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"भिऊ नको. ह्या मॅडम मारत नाय."

"नाय ना?" बाई म्हणाल्या.

सोनीने मान हलवली. मग तिने काड्यांचा गठ्ठा बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि दोरा कसा सोडायचा ते त्यांना दाखवू लागली.